साठी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन... तुमच्या घरी कसं साजरं झालं?

येत्या मार्गशीर्षात सासऱ्यांना ऐंशी पूर्ण होतायत आणि घरात सध्या सरळ सरळ दोन पार्ट्या पडल्यात. नवरा आणि धाकटे दीर म्हणतात हॉल घ्या, दोनशे माणसं बोलवा, शांत करा, धान्यतुला करा, एकदाच होतं ते. वन्सं म्हणतात अप्पांना एवढा वेळ पाटावर बसवत नाही, घरच्या घरी करा, चार माणसांत. सासूबाई कुठल्याच बाजूने बोलत नाहीत पण परवा ट्रंकेतून पैठणी काढून वाऱ्यावर टाकलेली दिसली, तेव्हा काय ते समजा. अप्पांना मात्र अजून कोणी विचारलेलंच नाहीये :) तर ज्यांनी ज्यांनी घरात असे मोठे वाढदिवस केलेत त्यांनी लिहा. काय जमलं, काय फसलं, खर्चाचं, गुरुजींचं, जेवणाचं, सगळंच. फक्त म्हाताऱ्यांचेच असं नाही, स्वतःची पन्नाशी केली असेल तर तीही चालेल.

*

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी बाबांचं झालं. पहिली गोष्ट म्हणजे गुरुजींना नीट विचारून घ्या कुठली शांत, कारण प्रत्येक टप्प्याची वेगळी असते. पन्नासला वैष्णवी, साठला उग्ररथ, पंचाहत्तरला ऐंद्री, आणि ऐंशीनंतर सहस्रचंद्रदर्शन. आमचे बाबा बँकेतून रिटायर झालेले, त्यामुळे त्यांनी आधी हिशोब मांडला. वर्षाच्या बारा धरल्या तर ऐंशी वर्षांत ९६० च पौर्णिमा होतात, अधिक महिने मिळवले तरी ९९० च्या आतबाहेर, म्हणजे हजार भरायला ८० वर्षं १० महिने तरी पाहिजेत, मग ऐंशीव्या वाढदिवसाला कसली शांत करताय? गुरुजी शांतपणे म्हणाले, काका, ऐंशी संपून एक्याऐंशीवं लागलं की करतात, चंद्राला घाई नाही, हॉलवाल्याला आहे.

दुसरं, शांतीत शेवटी कलशातल्या पाण्याने यजमानांवर अभिषेक करतात, दोघांवर, डोक्यावरून. मार्गशीर्ष म्हणजे थंडी. पाणी कोमट ठेवायला सांगा आणि कोरडे कपडे हाताशी ठेवा, आमच्या आईने हे आधीच ओळखून शाल पिशवीत घालून आणली होती. तिसरं म्हणजे होम. एसी हॉल घेतलात तर धूर जायला जागा आहे का बघा, नाहीतर वरचा भोंगा वाजतो.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे काशाच्या वाटीत पातळ तूप घेऊन त्यात तोंड बघायचं असतं आणि ती वाटी मग दान द्यायची. बाबांनी बघितलं, मग आईकडे वाटी सरकवली, आणि आई म्हणाली चष्म्याशिवाय मला काय दिसणारे. गुरुजी थांबले, चष्मा शोधला, घातला, मग बघितलं. त्या वाटीत दोघं आळीपाळीने बघत होते तेवढा वेळ सगळा हॉल गप्प होता, नाहीतर दोनशे माणसं कुठे गप्प बसतात.

*

आईची साठी २०२१ मध्ये आली. आई पानशेतच्या पुराच्या वेळची, म्हणजे १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा आजीला दिवस भरत आले होते. नारायण पेठेतल्या वाड्यात पाणी शिरलं, आजोबांनी आजीला आणि मामाला घेऊन पर्वती गाठली, आणि महिन्याभराने आई झाली ती लोकांच्या घरी, आपलं म्हणावं असं पातेलंही शिल्लक नव्हतं. त्यामुळे आमच्या घरात आईचं वय कोणी विचारलं की उत्तर 'पुराएवढी' असं येतं.

तर साठी करायची म्हणून मोठा बेत होता आणि करोनाचे निर्बंध काही पूर्ण उठले नव्हते. शेवटी घरात सहा जण आणि बाकी सगळे व्हिडिओ कॉलवर. निम्मे म्यूट, निम्म्यांच्या घरातले कुकर आम्हाला ऐकू येतायत, एक काका पूर्णवेळ फक्त कपाळ दाखवत होते. गुरुजीसुद्धा लॅपटॉपमधून. त्यांनी संकल्पात 'प्लवनाम संवत्सरे' म्हटल्यावर पलीकडून आजी एकदम ओरडली, अगं तुझ्या जन्मालाही प्लवच होतं! साठ संवत्सरं फिरून पुन्हा तेच नाव येतं हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं, साठीची शांत का करतात ते तेव्हा डोक्यात शिरलं. मग शांत बाजूला राहिली आणि आजीने पुराची गोष्ट अथपासून इतिपर्यंत सांगितली, नातवंडांनी पहिल्यांदा पूर्ण ऐकली, कारण एरवी लग्नामुंजीत एवढा वेळ कोण बसतंय. हॉल असता तर हे झालं नसतं असं मला आजही वाटतं. कोणीतरी रेकॉर्डिंग केलंय, आजी गेली पुढच्या वर्षी.

*

वरचं वाचून लिहितोय. आम्ही टोकियोजवळ राहतो. जपानी लोकांतपण साठीचं हेच आहे, बारा प्राणी आणि पाच तत्त्वं मिळून साठ वर्षांचं चक्र पूर्ण होतं, त्याला कानरेकी म्हणतात. माणूस पुन्हा बाळ झाला असं धरून त्याला लाल टोपी आणि बिनबाह्यांचं लाल जाकीट घालतात. आई इथे आलेली असताना तिची साठी आली, शेजारच्या आजींनी ते लाल जाकीट आणून दिलं. आईने नऊवारीवर घातलं. फोटो बघून गावाकडून पहिला फोन काय आला असेल? 'थंडी फार आहे का गं तिकडं?'

*

आमच्याकडं वेगळाच घोळ असतोय. पाटण तालुका. आण्णांचा जन्म कोयनेच्या भूकंपातला, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला आणि त्यानंतर चारपाच दिवसांनी आण्णा झाले, घर पडलेलं म्हणून रानात खोप घातली होती त्यात. पण शाळेत घालायला नेल्यावर गुरुजींनी लिहिली १ जून १९६७. आख्ख्या वर्गाची १ जून. आता झेडपीत नोकरी, म्हणजे ३१ मे ला रिटायर, त्या दिवशी तालुक्यात इतके निरोप समारंभ की हार मिळत नव्हता, फेटेवाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पळतोय. १ जूनला फेसबुक उघडलं की आण्णांच्या सगळ्या मित्रांचे वाढदिवस, ते एकमेकांनाच शुभेच्छा देत बसतात.

पन्नाशीला आम्ही भावंडांनी ठरवलं की खऱ्या तारखेलाच करायची. पण खरी तारीख कुठली? आत्याला विचारलं तर ती म्हणाली भूकंप झाला त्या दिवसापासनं चौथा दिवस, चुलता म्हणाला पाचवा. दोघांचं भांडण लागलं. मग आण्णाच म्हणाले दोन्ही दिवस करा, एक दिवस गोडाचं आणि एक दिवस मटणाचं. तसंच केलं. गोडाला भावकी आली, मटणाला गाव आलं. फ्लेक्स लावायला आण्णांनी साफ नकार दिलता, तरी पोरांनी स्टँडवर लावलाच, त्यावर 'भावी सरपंच'. आण्णा सरकारी नोकरीत! रातोरात उतरवायला लागला.

*

आमची दहावी १९९१ ची, त्यामुळे गेल्या वर्षात आख्खा ग्रुप पन्नास. रोज उठून कोणालातरी केकचा इमोजी टाकायचा कंटाळा आला म्हणून तारकर्लीला सगळ्यांची मिळून एकच पन्नाशी केली. कोंबडी वडे, सोलकढी, रात्री गाणी. नवरे बायका पोरं कोणी आणायचं नाही हा एकच नियम. सकाळी उठून बघतो तर अर्धे लोक समुद्रावर फिरायला गेलेले आणि अर्धे रांगेने बीपीच्या गोळ्या घेतायत. आणि प्लीज, केक तोंडाला फासणं बंद करा कोणीतरी, पन्नाशीत ते डोळ्यात जातं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर शोधावा लागतो.

*

धागा काढणारी मीच. सगळ्यांना थँक्यू. काल अप्पांना शेवटी विचारलं. ते म्हणाले शांत करा नाहीतर करू नका, तुमच्या आईला हवी असेल तर करा, पण माझ्या शाळेतले तिघे अजून आहेत, एक चिपळूणला, एक डोंबिवलीत, एक इथेच पण त्याला जिना उतरवत नाही, त्या तिघांना आणणार असाल तर मी म्हणाल तितका वेळ पाटावर बसतो. नवरा आणि दीर एकमेकांकडे बघत बसले. आता सगळं प्लॅनिंग त्या तीन आजोबांभोवती चाललंय आणि दोनशेची यादी आपोआप साठवर आलीये. कोणाला असा अनुभव असेल तर सांगा, प्रवासाचं वगैरे कसं करायचं.

*

केलंय आम्ही हे. हॉल तळमजल्यावरचा बघा, लिफ्ट आहे म्हणतात आणि त्या दिवशी बंद असते. कमोड आहे का ते स्वतः जाऊन बघा, फोनवर सगळेच हो म्हणतात. चिपळूणच्या आजोबांना आदल्या दिवशी आणा आणि अप्पांच्याच खोलीत झोपवा. आम्ही बाबांच्या मित्राची हॉटेलात सोय केली होती, रात्री नऊ वाजता ते रिक्षा करून घरी हजर, म्हणे गप्पा मारायला आलोय, टीव्ही बघायला नाही. औषधाची चिठ्ठी आणि मुलाचा नंबर त्यांच्या खिशात असू द्या. आणि त्यांना एक वाजेपर्यंत जेवायला ताटकळत ठेवू नका, शुगरवाले असतात, शांत चालू असली तरी यांची पंगत आधी बसवा, कोणी काही म्हणत नाही.

*

मी नागपूरची. माझ्या आईच्या पंचाहत्तरीचं लिहिते, जरा मोठं होईल.

बाबा जाऊन बरीच वर्षं झालेली. पंचाहत्तरी करायची म्हटल्यावर पहिला प्रश्न जो तो विचारून राहिला होता तो हाच की जोडीने बसायचं असतं, मग एकटीने कसं. आमच्या गुरुजींनी सांगितलं काही अडत नाही, त्यांना एकट्यांना बसता येतं. पण आईच नको म्हणाली. शांत नको, भाषणं नको, 'आमच्या मातोश्रींनी काबाडकष्ट करून' असलं तर मुळीच नको. मग काय हवं? तर म्हणे मला पंगतीत बसायचंय पहिल्या, आणि कोणीतरी आग्रह करून वाढायचंय. आयुष्यभर ती शेवटच्या पंगतीला, तेही उभ्याउभ्याने भांड्यातलं संपवत.

घरीच केलं, अंगणात मांडव घालून. पुरणपोळी, तुपाची वाटी वेगळी, पाटवडीचा रस्सा, सांबारवडी. भावाने टेबलखुर्च्या आणल्या होत्या, गुडघे सगळ्यांचेच गेलेले. औक्षणाची वेळ आली. पाच सवाष्णी बोलवा वगैरे कोणीतरी सुरू केलं. मोठी मावशी एका बाजूला भिंतीला टेकून उभी होती, तीही एकटीच आहे, काकांना जाऊन जमाना झाला, आणि तिला सवयच लागलेली अशा वेळी मागे सरकायची. वहिनी तबक घेऊन सरळ तिच्याकडे गेली आणि म्हणाली, मोठ्या मावशी, पहिलं तुम्ही. मावशी नाही नाही करत होती. आईने खुर्चीतूनच आवाज दिला, ये ना गं, तूच तर मला पहिल्या दिवशी शाळेत सोडलं होतं.

मावशीने ओवाळलं. हात थरथरत होता त्यामुळे अंगठी आणि सुपारी तबकात नुसती घरंगळत होती, ओवाळायला घेतली की निसटायची, शेवटी आईनेच सुपारी धरून तिच्या बोटात दिली. अक्षता टाकताना मावशीने अशा जोरात टाकल्या की आईच्या चष्म्यावर. दोघी हसायला लागल्या त्या थांबेचनात. सवाष्णींचं मग कोणी काढलं नाही.

आणि हो, पहिल्या पंगतीत आईने साडेतीन पोळ्या खाल्ल्या. अर्धी मावशीच्या ताटातली.

*

नागपूरच्या ताई, रडवलंत.

थोडं हलकं लिहितो. बाबांच्या सत्तरीला आम्ही सरप्राइज ठेवलं होतं. चाळीस नातेवाईक फ्लॅटमध्ये दिवे घालवून बसलेले, सहाला बाबा बागेतून फिरून येतात. साडेसहा झाले, सात झाले, उकडतंय, लहान मुलं रडतायत, बाबा फोन उचलत नाहीत. पावणेआठला आले, मित्राने वाढदिवस म्हणून मिसळ खायला नेलं होतं. सगळे 'सरप्राइज!' ओरडल्यावर बाबा म्हणाले, 'बसा बसा, जेवूनच जा.' स्वतः मात्र जेवले नाहीत, पोट भरलेलं.

*

तुलेबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. आजोबांची धान्यतुला केली होती. छताच्या हुकाला दोर बांधून तराजू वगैरे करू नका, भुसार दुकानातून प्लॅटफॉर्म काटा आणा, खुर्चीसकट वजन घ्या आणि नंतर खुर्ची वजा करा. आजोबा चोपन्न किलो भरले, आजी मागून म्हणाली कोट काढा मग कळेल. धान्य आश्रमशाळेला द्यायचं होतं, आधी फोन केला हे बरं झालं, ते म्हणाले तांदूळ भरपूर येतो हो सगळीकडून, तूरडाळ आणि तेल द्या, आणि जमलं तर मुलींसाठी पॅड्स. तर आजोबा तूरडाळीत तोलले गेले आणि पॅड्सचे खोके वेगळे नेऊन दिले. काट्याचं भाडं दुकानदाराने घेतलं नाही, फक्त जिलबी पार्सल मागितली. ती मठ्ठ्याच्या पिशवीत ठेवू नका, मऊ पडते.