सोनोग्राफीत दोन्ही अ‍ॅड्रिनल ग्रंथी मोठ्या दिसल्या, मग रक्ततपासणी कशाला?

राणीची_आई:
माझी राणी डॅशहुंड आहे, ११ वर्षांची, वजन ९ किलो. चार महिन्यांपासून घटाघटा पाणी पिते, रात्री दोनदा लघवीसाठी उठवते. पोट मडक्यासारखं झालंय, पाठीवरचे केस विरळ झालेत. रक्तात एएलपी (यकृताचं एक एन्झाइम) वाढलेलं आलं म्हणून काल सोनोग्राफी केली. डावी अ‍ॅड्रिनल (मूत्रपिंडाजवळची ग्रंथी) ७.१ मिमी, उजवी ६.९. डॉक्टरांना कुशिंगचा, म्हणजे अंगात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याच्या आजाराचा, संशय आहे, पण म्हणतात आधी आठ तासांची रक्ततपासणी करू. मशीनवर दिसलंय तर पुन्हा सुया कशाला? काल टेबलावर ती नुसती थरथरत होती. उजव्या बाजूला तर पंधरा मिनिटं प्रोब दाबून शोधत होते. तिथे काही वाईट दिसलं असेल का?

पशुवैद्य_सोनोग्राफी:
ताई, उजवीकडे वेळ लागला याची भीती बाळगू नका. ती ग्रंथी बरगड्यांखाली खोल, मोठ्या शिरेला चिकटून असते. मध्ये आतड्यातला वायू आला की काहीच दिसत नाही. डावी महाधमनीशेजारी असते, भुईमुगाच्या शेंगेसारखी मध्ये चिमटलेली, ती बहुधा लवकर सापडते. मलासुद्धा उजवीसाठी कुत्र्याला दोनदा कूस बदलायला लावावं लागतं, आणि घाईत घेतलेल्या मापावर माझा विश्वास बसत नाही.

माप लांबीचं नाही, जाडीचं बघायचं. पूर्वी सगळ्याच कुत्र्यांना साधारण साडेसात मिमी ही एकच मर्यादा लावत. त्या हिशेबाने राणी नॉर्मल ठरली असती. पण लहान चणीच्या कुत्र्यांत ६ च्या वर गेलं की मी जास्त मानतो. दोन्ही जवळपास सारख्याच वाढल्यात, म्हणजे कुशिंग असलाच तर मूळ मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत असण्याची शक्यता जास्त. कुशिंगच्या ८० ते ८५ टक्के कुत्र्यांत तसंच असतं. अ‍ॅड्रिनलचीच गाठ कॉर्टिसॉल बनवत असेल तर सहसा एक ग्रंथी फुगते आणि दुसरी सुकत जाते.

पण प्रोबला कॉर्टिसॉल दिसत नाही हो. दुसऱ्या दीर्घ आजाराच्या ताणानेही ग्रंथी वाढतात, आणि कुशिंग असूनही माप नॉर्मल येऊ शकतं. म्हणून डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची चाचणी. आधी रक्त, मग अगदी कमी मात्रेचं इंजेक्शन, मग चौथ्या आणि आठव्या तासाला पुन्हा रक्त. निरोगी कुत्र्याचं कॉर्टिसॉल आठव्या तासालाही दबलेलं राहतं. ट्रायलोस्टेन हे कॉर्टिसॉल कमी करणारं औषध सुरू करायचं तर आधी निदान पक्कं हवं, कारण मात्रा जास्त झाली तर उलट कॉर्टिसॉल कमी पडून कुत्रं कोसळू शकतं.

बंड्याचा_बाबा:
आमचं उलटं झालं. मूतखड्यासाठी सोनोग्राफी केली आणि डाव्या अ‍ॅड्रिनलवर २.२ सेंमीची गाठ सापडली. बंड्याला काहीच त्रास नव्हता. मी म्हटलं सुई घालून बघा, तर डॉक्टरांनी आधी रक्तदाब मोजला. फिओक्रोमोसायटोमा (रक्तदाब चढवणारी संप्रेरकं सोडणारी अ‍ॅड्रिनलची गाठ) असेल तर सुईनेसुद्धा दाब एकदम चढू शकतो म्हणे. गाठ शिरेत शिरलीय का तेही पाहिलं. शिरली नव्हती. दोन महिन्यांनी पुन्हा माप घेणार आहोत. तोवर रोज पोटावर हात फिरवून बघतो, कळत काही नाही, तरी फिरवतो.

राणीची_आई:
डॉक्टर, आठ तास तिला तिथे ठेवायला जीव धजत नाही. घरच्या लघवीवरून कळत नाही का?

पशुवैद्य_सोनोग्राफी:
लघवीतल्या कॉर्टिसॉल-क्रिएटिनीनचं गुणोत्तर काढता येतं. नॉर्मल आलं तर कुशिंगची शक्यता बरीच कमी होते. पण जास्त आलं तर आठ तासांची चाचणी टळत नाही, आणि राणीची लक्षणं बघता ते जास्तच येईल असं मला वाटतं. नमुना घ्यायचाच तर सकाळची पहिली लघवी घ्या, दवाखान्यात जाऊन आल्यावरची नको. आणि चाचणीच्या दिवशी तुम्ही तिच्याजवळ बसायची परवानगी मागा. घाबरलेल्या कुत्र्याचं कॉर्टिसॉल तसंही चढतं, त्यामुळे तुमचं तिथे असणं चाचणीच्याही कामाचं आहे.

राणीची_आई:
परवानगी मिळाली. सोमवारी सकाळी नेते, तिची गोधडी बरोबर घेऊन. रिपोर्ट आला की इथेच टाकते.