गाडीचा विमा मागच्या तारखेपासून करून मिळतो का? (तातडीने मदत हवी आहे)

नीरेकाठचा:

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, आज अडकलोय म्हणून धागा काढतोय.

गाडी बाबांच्या नावावर आहे, १३ नोव्हेंबर २०२३ला शोरूममधून घेतलेली. विमा यंदा १२ नोव्हेंबरच्या मध्यरात्री संपला. आठवणीचे मेसेज बाबांच्या ज्या नंबरवर जातात ते सिम कधीच बंद झालंय. त्यामुळे आम्हाला पत्ताच नाही. शनिवारी, १५ तारखेला, रात्री साडेनऊच्या सुमारास फलटण-बारामती रस्त्यावर उसाची ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती. मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यावर आला आणि तो गेला तेव्हा ऊस दिसला, एकदम काचेसमोर. ब्रेक दाबला तरी घुसलोच. मला आणि बायकोला काही झालं नाही. खाली हिरवं पाणी गळत होतं आणि बॉनेटवर उसाची वाढी पडली होती. तसा फोटोही काढलाय.

वर्कशॉपने ७१,८०० रुपयांचा अंदाज दिलाय. बंपर, बॉनेट, डावा हेडलाइट, रेडिएटर, एसीचा कंडेन्सर. क्रेनचे ३,५०० वेगळे.

आमचे एजंट गावातलेच, बाबांच्या बसण्याउठण्यातले. आधी म्हणाले, "घाबरू नकोस, १३ तारखेपासूनची करून देतो." तासाभराने पुन्हा फोन, "सिस्टीम मागची तारीख घेत नाही. तू असं कर, नवी पॉलिसी आज घे, गाडी आठवडाभर झाकून ठेव आणि मग क्लेम टाक. तपासणीचं मी बघतो."

फक्त तीन दिवसांचा उशीर आहे हो. दंड, जादा हप्ता, काहीही भरायला तयार आहे. सरळ मार्गाने मागची तारीख मिळत नाही का? आणि एजंटकाका सांगतात ते करावं का?

ढवळ्या:

एलआयसीत चालतं की! माझ्या पोराची पॉलिसी मार्चमध्ये घेतली, तारीख मागच्या मे महिन्याची टाकली. गाडीला का नाही चालणार?

निवृत्त_विमावाला:

ढवळ्याभाऊ, ती गोष्ट निराळी. आयुर्विम्याचा हप्ता वयावर ठरतो. वय एक वर्षाने कमी धरलं जावं म्हणून त्याच आर्थिक वर्षातली मागची तारीख घेता येते, मधला हप्ता व्याजासकट भरावा लागतो. पण तिथेही संरक्षण सुरू होतं ते प्रस्ताव मंजूर झाल्यावरच. मागे सरकते ती फक्त तारीख.

नीरेकाठचे, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. विमा कायदा १९३८, कलम ६४ व्हीबी. हप्ता कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम घ्यायची नाही. ओळख शाखा व्यवस्थापकाशी असो की अध्यक्षांशी, हे कोणाच्या हातात नाही. झालेल्या अपघाताचा विमा म्हणजे बारशाला पत्रिका जुळवण्यासारखं.

तासांवरूनही खटले झालेत. राम दयाल खटल्यात १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पॉलिसीवर नुसती तारीख असेल तर ती त्या दिवसाच्या सुरुवातीपासून धरायची, अपघात त्याच दिवशी आधी झालेला असला तरी. पुढे जिकुभाई नथुजी दाभी खटल्यात स्पष्ट झालं की वेळ लिहिलेली असेल तर त्या वेळेपासूनच. हल्ली पॉलिसीवर वेळ छापलेली असते, त्यामुळे ती फटही उरलेली नाही.

खरोखरची मागची तारीख मिळाली ती २०२०च्या टाळेबंदीत. २५ मार्च ते ३ मे या काळात संपणारा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरणारा, कायद्याने सक्तीचा) १५ मेपर्यंत भरला तर सलग धरला गेला. त्यासाठी केंद्र सरकारला अधिसूचना काढावी लागली होती. त्यावरून समजा, एजंटाच्या फोनने हे होईल का.

एकच विचारतो, शनिवारच्या आधी कंपनीला पैसे गेले होते का? ऑनलाइन कापले गेलेत आणि पॉलिसीचा कागद आला नाही, असं काही? तसं असेल तर भांडायला जागा आहे.

नीरेकाठचा:

नाही काका. एक रुपयाही नाही.

माळावरची:

मी सात वर्षं बॉडीशॉपच्या काउंटरवर काढली आहेत, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर बोलते. करू नका.

पॉलिसी घेतल्यावर आठ-दहा दिवसांत आलेल्या क्लेमला आमच्याकडे 'क्लोज प्रॉक्सिमिटी' म्हणायचे. नुकसान मोजणाऱ्या साध्या सर्व्हेअरबरोबर तपास करणारा माणूसही येतो. तो पहिल्यांदा गाडी बघत नाही, वर्कशॉपचं गेट रजिस्टर बघतो. मग क्रेनची पावती. मग तुमच्या फोनमधल्या फोटोची तारीख. आणि गाडीही बोलते: ताजं फुटलेलं पत्र्याचं टोक चकचकीत असतं, आठवड्याने त्याला तांबूस कड येते. हेडलाइटच्या चिरेत धूळ बसते. नव्या पॉलिसीआधी तपासणीचा व्हिडिओ ॲपमधून तिथल्या तिथे घ्यावा लागतो, तारीख-वेळ-ठिकाणासकट. "तपासणीचं मी बघतो" म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी गाडीवर तुमची नंबरप्लेट. क्लेम फॉर्मवर सही मात्र बाबांची. फसवणुकीत अडकतील ते.

आता जरा बरी बातमी. दादा, पॉलिसीचा कागद पुन्हा उघडा. १ सप्टेंबर २०१८नंतर घेतलेल्या नव्या खाजगी गाड्यांना थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम असतो. दर वर्षी संपतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओडी. तुमचा थर्ड पार्टी नोव्हेंबर २०२६पर्यंत असायला हवा.

नीरेकाठचा:

ताई, आहे! दुसऱ्या पानावर, १२/११/२०२६. विमा नसताना गाडी चालवली म्हणून २,००० दंड होणार या विचाराने मी पोलिसांकडेही गेलो नव्हतो.

निवृत्त_विमावाला:

मग उद्याच जा आणि नोंद करा. ट्रॅक्टर-ट्रॉलीचा विमा असेल तर त्यांच्या थर्ड पार्टीकडून तुमच्या गाडीची भरपाई मागता येते, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, रेंगाळू नका. दोन्ही नंबर टिपलेत ना, ट्रॅक्टरचा आणि ट्रॉलीचा? अंधारात विनादिवा उभी ट्रॉली ही त्यांची चूक, पण तुमचा वेग किती होता हेही वकील विचारणारच. पूर्ण रक्कम धरून चालू नका.

माळावरची:

आणि ओडी एकटा वेगळा घेता येतो. आधी दुरुस्ती करा, मग तपासणी द्या. नाहीतर जुनं नुकसान पॉलिसीत वगळून लिहितात आणि पुढे त्याच बंपरवरून वाद. फक्त ९० दिवस उलटू देऊ नका, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. दोन वर्षं क्लेम नसेल तर २५ टक्के मिळायला हवेत. हा खर्च खिशातून करताय, म्हणजे तो शाबूत आहे.

ढवळ्या:

माझा मुद्दा चुकला, मान्य. पण कंपनीने बंद सिमवर मेसेज पाठवला याची तक्रार विमा लोकपालाकडे नाही का करता येणार?

निवृत्त_विमावाला:

करता येईल, उपयोग होणार नाही. आठवण करून देणं सौजन्य आहे, मुदत कागदावर छापलेली असते. नीरेकाठचे, आधी नंबर बदलून घ्या.

नीरेकाठचा:

सगळ्यांचे आभार. आज पोलीस ठाण्यात नोंद केली. ट्रॅक्टरचा नंबर फोटोत आहे, ट्रॉलीला नंबरच नव्हता. दुरुस्ती सुरू करायला सांगितलंय. हेडलाइट नवा न घेता काच बदलून भागतंय का ते उद्या कळेल. एजंटकाकांना नको म्हणालो, ते जरा फुगलेत. बाबांना अजून आकडा सांगितलेला नाही.