उकळताना नक्की काय तुटतं?

वर एकांनी लिहिलंय की पाणी उकळलं की हायड्रोजन-ऑक्सिजनचा बंध तुटतो. तसं होत नाही. वाफेवर गार झाकणी धरा, खाली ठिबकतं ते पाणीच.

मी अकरावीला शिकवते, हा घोळ दरवर्षी भेटतो. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या मुलांना मी काजूची भाटी, म्हणजे काजूची दारू गाळायची जागा, आठवायला सांगते. आंबलेला निरो (काजूच्या बोंडांचा रस) तापतो, वाफ गार होते, थेंब थेंब उर्राक, म्हणजे पहिल्या धारेची दारू, पडतो. सुटतात ते रेणूंमधले हायड्रोजन बंध, म्हणजे एका रेणूचा हायड्रोजन आणि शेजारच्या रेणूचा ऑक्सिजन यांच्यातली ओढ; रेणू आतून शाबूत. पाण्यात मोलमागे (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक मोठी संख्या) रेणूच्या आतला ऑक्सिजन-हायड्रोजन (ओ-एच) बंध तोडायला सुमारे ४६० किलोज्यूल लागतात, हायड्रोजन बंधाला जेमतेम २०.

मला सगळ्यात आवडणारी जोडी इथेनॉल आणि डायमिथिल इथरची. रेणुसूत्र अगदी एकच! पण इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, इथर उणे २४ ला. कारण इथेनॉलमध्ये एक हायड्रोजन थेट ऑक्सिजनला जोडलेला असतो, इथरमध्ये सगळे कार्बनला; म्हणून इथेनॉलचे रेणू एकमेकांशी हायड्रोजन बंध जोडतात, इथरचे नाही.

मिठागरातल्या मिठाची गोष्ट मात्र वेगळी. तिथे सुटा रेणूच नसतो, आयनांची (विद्युतभार असलेल्या कणांची) सलग जाळी असते, म्हणून ते ८०१ अंशांपर्यंत वितळत नाही. त्याला आंतररेणवीय (रेणू-रेणूंमधल्या) बलांच्या यादीत घालू नका.