पब्लिक फंडिंग म्हणजे सार्वजनिक निधी की सरकारी?

टिळकवाडीकर:
पुतणीला वक्तृत्व स्पर्धेत विषय आलाय, विधानसभेच्या उमेदवारांना प्रचारासाठी पब्लिक फंडिंग द्यावं का. तिनं सगळीकडं 'सार्वजनिक निधी' लिहिलंय आणि मला ते वाचताना काय की गल्लीतल्या गणपतीची पावतीच डोळ्यासमोर येते. दुसरा शब्द सुचवा की.

खानापूरकर:
पावती येणारच हो. सार्वजनिक गणपती, सार्वजनिक वाचनालय, म्हणजे लोकांनी आपल्या खिशातनं काढून उभं केलेलं, आणि हा इंग्रजीतला पब्लिक तर खजिन्यातला पैसा, म्हणजे नेमकं उलटं. आपल्या बेळगाव भागात महाराष्ट्र एकीकरण समितीच्या उमेदवाराला गावागावातनं जमवून देतात ती लोकवर्गणी, तिला पब्लिक फंडिंग म्हणता येईल काय? मी तर सरळ 'सरकारी खर्चानं प्रचार' म्हणेन. 'राज्य निधी' तेवढं नको, स्टेट फंडिंगमधला स्टेट म्हणजे शासन, पण वाचणाऱ्याला वाटतं पैसे बेंगळुरूहून, कर्नाटक सरकारकडनं येणार.

निपाणीकर:
माझा आक्षेप 'निधी'वरच आहे. 1998 मध्ये ह्याच विषयावरच्या इंद्रजित गुप्ता समितीनं रोख पैसे द्या म्हटलंच नव्हतं, वस्तू आणि सोयींच्या रूपात मदत द्या म्हटलं होतं, आणि तीसुद्धा मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना, अपक्षांना नाही. (म्हणजे आपले एकीकरण समितीवाले, कागदोपत्री अपक्ष, हात हलवत परत.) सध्या मिळतं तेही तसलंच, मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी-दूरदर्शनवर फुकट वेळ, त्यांच्या उमेदवारांना मतदार यादीची फुकट प्रत. ह्याला निधी कसं म्हणायचं, 'सरकारी साहाय्य' म्हणा. आणि 40 लाखांचा आकडा ऐकू येतो, ती विधानसभेच्या उमेदवाराच्या खर्चाची कमाल मर्यादा आहे, आमच्या शेजारचा एकजण सरकार प्रत्येकाला तेवढे देतं समजून बसलेला!

खानापूरकर:
पण मग अमेरिकेतल्या मेन राज्याचं काय करणार? तिथं राज्याच्या प्रतिनिधीगृहाला उभं राहणाऱ्यानं आधी आपल्या मतदारसंघातल्या किमान 60 मतदारांकडनं 5-5 डॉलर गोळा करायचे, ते त्याला मिळत नाहीत, सरकारी फंडात जातात, आणि मग त्या फंडातनं त्याला रोख पैसे. वर्गणी पण आणि खजिना पण! त्या 5 डॉलरना 'पात्रता वर्गणी' म्हणावं काय?

येळ्ळूरवाला:
वर्गणी जमते बघा, देणगी म्हटलं तर उमेदवाराच्या खिशात गेल्यासारखं वाटतं. जाता जाता एक, डिपॉझिटला कानडीत 'ठेवणी' म्हणतात, पडलेला उमेदवार ठेवणी घालवून बसला म्हणतात. शब्द आपल्या ठेवण्यातलाच दिसतो, आणि आपण मात्र अनामत नाहीतर डिपॉझिट म्हणत बसतो. 1996 ला बेळगाव लोकसभेला 456 उमेदवार उभे होते, तेव्हा ठेवणी फक्त 500 रुपये, त्याच वर्षी कायदा बदलून 10,000 केली. विधानसभेला आता खुल्या गटाला 10,000, अनुसूचित जाती-जमातींना 5,000, आणि एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं नाही पडली तर जप्त. म्हणजे सरकार उमेदवाराला देतं कमी, घेतंच जास्त, ह्याला कुठला शब्द?

टिळकवाडीकर:
शीर्षकात 'सरकारी खर्चानं प्रचार' घालायला सांगितलं, तिला पटलं. गणपतीच्या पावतीनं मात्र भाषणाची सुरुवात करणार म्हणते, ती काय ऐकत नाही.