अनुभव धागा : 'हे सगळं खरंच खरं आहे का?' असं वाटलं तेव्हा

ख्रिस्ती घरात वाढलेल्या किंवा पुढे ख्रिस्ती झालेल्या पुष्कळ जणांच्या मनात हा प्रश्न कधी ना कधी येऊन गेलेला असतो. पण तो बोलून दाखवायला जागा नसते. मंडळीत, म्हणजे चर्चमधल्या लोकांत, बोलावं तर लोक लगेच डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. बाहेर बोलावं तर 'मग सोडून का देत नाहीस?' असं विचारतात. ऐकून घेणं राहूनच जातं. म्हणून हा धागा. विश्वासात टिकलेले, बाहेर पडलेले, अजून उंबरठ्यावर असलेले, सगळ्यांनी लिहा. फक्त इथे कुणी कुणाला सुधारायला येऊ नका.

सुरुवात मीच करते. मी तेरा वर्षांची होते. संडे स्कूलमध्ये येशूची वंशावळ पाठ करायला दिली होती. बायबलात मत्तयाच्या पहिल्या अध्यायात मरियेचा नवरा योसेफ याचा बाप याकोब, लूकच्या तिसऱ्या अध्यायात एली. दोन्ही पानांत एकेक बोट घालून मी पुस्तक बाईंसमोर धरलं. त्या म्हणाल्या, लूकने दिलेली वंशावळ मरियेची आहे. घरी येऊन पुन्हा वाचलं, तर तिथेही नाव योसेफाचंच. पुढच्या रविवारी परत विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "असे प्रश्न सैतान डोक्यात घालतो." त्या रात्री मी दिवा मालवला नाही. वंशावळीचा प्रश्न केव्हाच मागे पडला, पण ते वाक्य अजून गेलेलं नाही.

*

माझं सगळं एका तळटीपेवरून सुरू झालं. मार्क, अध्याय १६, वचन ८. सर्वांत जुन्या प्रतींत, म्हणजे चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकनच्या हस्तलिखितांत, हे शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाची कथा, तिथेच संपतं. बाया थडग्यापासून पळाल्या, भीतीमुळे कुणाला काही बोलल्या नाहीत, आणि संपलं. पुढची बारा वचनं नंतरची. मग कळलं की व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्टही योहानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत नाही. 'पहिला दगड' ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. जमीन सरकते म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

दोन वर्षं वाचत राहिलो. शेवटी अडकलो ते पौलापाशी, येशूनंतर त्याचा संदेश पसरवणाऱ्या प्रेषितापाशी. करिंथकरांस पहिलं पत्र साधारण इसवी सन ५५ च्या आसपासचं, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते चारही शुभवर्तमानांच्या आधीचं. त्याच्या पंधराव्या अध्यायात पौल सांगतो की ख्रिस्त मेला, पुरला गेला, उठवला गेला, अमक्या-अमक्यांना दिसला, आणि हे आपल्यालाही आधीच्यांकडून मिळालेलं आहे. म्हणजे ही साक्ष घटनेच्या फार जवळची. पुढे तो हेही लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचं सांगणं व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. एवढं उघड्यावर आणून ठेवणाऱ्या माणसावर माझा भरवसा बसला. पुस्तक आकाशातून पडलं असं मी आता मानत नाही. पुनरुत्थान मानतो.

*

वरचं वाचलं. मला तिथे थांबता आलं नाही. काहींना तो दिसला असं पौल सांगतो, त्यांना तसं मनापासून वाटलंही असेल. पण वाटणं आणि घडणं यांतलं अंतर मला काही केल्या ओलांडता आलं नाही.

पण मी बाहेर पडले ती या मुद्द्यावरून नाही. मी मुलांना शिकवायची. धडा होता १ शमुवेल, अध्याय १५. अमालेकी लोकांचा संहार करा, तान्ही मुलंसुद्धा सोडू नका, अशी देवाची आज्ञा. एक सातेक वर्षांचा मुलगा म्हणाला, "बाळांनी काय केलं होतं?" मी म्हटलं, देवाचे विचार आपल्या विचारांहून उंच आहेत. त्याने मान हलवली आणि चित्र रंगवायला लागला. हातात लाल खडू होता. घरी जाईपर्यंत मला स्वतःची लाज वाटत होती, आणि त्यानंतर मी शिकवायला गेले नाही.

सोडणं म्हणजे सुटका असं लोकांना वाटतं. मला वर्षभर घरातलं कुणीतरी गेल्यासारखं वाटत होतं. अजूनही काही चांगलं घडलं की आभार मानायला मन आपोआप वर वळतं. मग आठवतं.

*

मी दुसऱ्या धर्माच्या घरात जन्मलो असतो तर इतक्याच खात्रीने तो धर्म खरा मानला असता. एवढी एकच गोष्ट मला छळते. उत्तर मिळालेलं नाही. उपासनेला जातो.

*

पत्नी अतिदक्षता विभागात एकवीस दिवस होती. मंडळीने उपास धरले, साखळीप्रार्थना केली. ती गेली. अंत्यविधीनंतर एकाने माझा हात धरून सांगितलं, "मोहरीच्या दाण्याएवढा जरी विश्वास असता ना..." वाक्य त्याने पुरं केलं नाही, करायची गरजही नव्हती. माझ्या विश्वासात खोट होती म्हणून ती गेली, हे ओझं मी दीड वर्ष वाहिलं. त्या काळात देव आहे की नाही हा प्रश्न मला पडलाच नाही. असला तर त्याचं तोंड बघायचं नाही, असं वाटायचं.

एक म्हातारे धर्मगुरू भेटायला आले. काही समजावलं नाही. ८८ वं स्तोत्र काढलं, सावकाश वाचलं आणि पुस्तक मिटलं. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द 'अंधार' आहे, असं ते म्हणाले. हे शास्त्रात ठेवलंय? मी विचारलं. ठेवलंय, म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा मला रडू आलं.

*

मी पाळक आहे, कुठला ते सांगत नाही. 'पुनरुत्थान व जीवन मीच आहे' हे वचन दफनाच्या वेळी कितीतरी वेळा म्हटलं आहे. एकदा म्हणता म्हणता आतून प्रश्न आला, हे तुला खरं वाटतं का? समोर शवपेटी, कडेला तिची मुलं. मी वाचत राहिलो. त्यानंतर जवळजवळ सहा महिने मी प्रवचन लिहायचो ते शब्द जुळवून.

आधार मिळाला तो बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा. ज्याने स्वतः येशूला यार्देन नदीत बाप्तिस्मा दिला, तोच तुरुंगातून निरोप धाडतो की येणारे ते तुम्हीच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? मत्तय, अध्याय ११. येशू त्याला रागावत नाही. उलट लोकांना सांगतो की स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कोणी नाही. हे मी पूर्वी दहा वेळा शिकवलं होतं, ऐकलं नव्हतं.

*

मी बाहेरून आले, तेही मोठेपणी. येशूवर जीव जडला, पण त्रैक्य काही पचेना. तीन व्यक्ती पण एक देव, हे कबूल केल्याशिवाय आत घेणार नाहीत अशी धास्ती होती. मग पंडिता रमाबाईंबद्दल वाचलं. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्या याच विषयावर तिथल्या धर्मभगिनींशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. न पटलेलं पटलं म्हणायला तयार झाल्या नाहीत. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी शास्त्राचं मराठी भाषांतर केलं. श्रद्धा आणि वाद एकाच बाईच्या हातात असू शकतात, हे बघून मला फार धीर आला. त्रैक्य अजूनही पुरतं कळलेलं नाही.

*

(धागा काढणारी) सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचतेय. लाल खडूचं वाचून तर बराच वेळ उठवलं नाही.

आता मी स्वतः मुलांना शिकवते. वर्गात एक वही ठेवली आहे, मला न आलेल्या प्रश्नांची. मागच्या रविवारी एका मुलीने विचारलं, "येशू देव होता ना? मग तो थडग्यात होता तेव्हा जग कोण सांभाळत होतं?" पूर्वीच्या माझ्या बाईंची आठवण झाली आणि घशाशी काहीतरी आलं. मी तिला म्हटलं, मला सांगता येत नाही, तूच लिही वहीत. तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं, खाली स्वतःचं नाव घातलं आणि पुढच्या रविवारी विचारणार म्हणून बजावून गेली.

रविवार परवा आहे. पाळक लिहिणाऱ्यांना विचारते, तुम्ही तिला काय सांगाल?