पात्र घडवताना पर्याय किती असावेत?

वीसकोनी (मूळ धागा)

गेली चार वर्षे आम्ही सहा जण जुळे सोलापुरातील एका घराच्या माडीवर दर रविवारी दुपारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा फासे आणि कल्पनाशक्ती यांवर चालणारा खेळ खेळतो. त्यात प्रत्येक जण एक काल्पनिक पात्र वठवतो आणि डीएम कथा सांगून खेळ चालवतो. ही डीएमची जबाबदारी बहुधा माझ्याकडे असते. गेल्या महिन्यात नवे कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकी चालणारी नवी कथा, सुरू करायचे ठरले. तीन वाजता बसलो आणि सात वाजता उठलो, तोपर्यंत कथेतील एक वाक्यही बोलले गेले नव्हते. चारही तास पात्रे तयार करण्यात गेले. पहिल्यांदाच आलेल्या एका मुलीने कॅरेक्टर शीटवरील, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदावरील, 'ताकद' या चौकटीतला आकडा इतक्या वेळा खोडला, की तेथील कागद विरून पलीकडची सतरंजी दिसू लागली. जाताना ती म्हणाली, "दादा, मी काहीतरी चुकीचे निवडले असणार." हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

१९७४ साली हा खेळ प्रथम प्रसिद्ध झाला तेव्हा योद्धा, जादूगार आणि धर्मोपासक असे तीनच क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, होते. ताकद, बुद्धी अशा सहा गुणांसाठी तीन-तीन फासे टाकायचे आणि जे पडेल ते घेऊन निघायचे, एवढीच पात्रनिर्मिती होती. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने फीट, म्हणजे निवडून घ्यायची खास कौशल्ये, आणले. २०२४ च्या खेळाडूंच्या पुस्तकात १२ क्लास आहेत व प्रत्येकाचे चार सबक्लास (उपप्रकार), म्हणजे ४८ वाटा झाल्या. प्रजाती, पार्श्वभूमी (पात्राचे आधीचे आयुष्य) आणि मंत्र यांची निवड आणखी वेगळी. शिवाय सगळेच पर्याय खरे असतात असेही नाही. तिसऱ्या आवृत्तीतील 'टफनेस' हा फीट घेतला, तर एकदाच तीन हिट पॉइंट (मार सोसण्याची क्षमता) मिळत आणि पुढे कितीही लेव्हल, म्हणजे अनुभवाच्या पायऱ्या, चढल्या तरी ते तीनच राहत. नवखा खेळाडू तो भोळेपणाने घेई आणि कॅम्पेन संपेपर्यंत त्याची किंमत मोजत राही.

माझे मत असे आहे, की पात्र कागदावर घडत नाही, खेळता खेळता घडते. पहिल्या दिवशी क्लास, फासे आणि नाव एवढे पुरे. बाकीचे प्रसंग येतील तसे ठरवावे.

पूर्वभागकर

आपली तळमळ समजते, परंतु निष्कर्ष मान्य नाही.

आमच्या गटात एक मुलगा आहे. त्याच्या घरी यंत्रमाग आहेत, घरात तेलुगू बोलतात, आणि अनोळखी माणसांत तो तोंड उघडत नाही. २०१४ च्या नियमांनी पात्र बनवताना अवजारांच्या यादीत त्याला 'विणकराची अवजारे, किंमत एक सुवर्णमुद्रा' अशी ओळ दिसली. त्याने दोनदा वाचली आणि कारागीर संघाची पार्श्वभूमी घेऊन ती अवजारे निवडली. तिसऱ्या बैठकीत एका सरदाराच्या खुनाच्या जागी कापडाचा तुकडा सापडला, तेव्हा हाच मुलगा पुढे सरसावला: ताणा कुठला, बाणा कुठला, काठ हातमागावरचा कसा नाही, हे त्याने आम्हांला पाच मिनिटे समजावले आणि खुनी त्या गावचा नाही हे त्याच्यामुळेच उघड झाले. ती ओळ यादीत नसती, तर आपल्या घरातले ज्ञान या खेळात चालते हे त्याला कधी कळले असते?

वीसकोनी

प्रसंग सुंदर आहे. पण यादी नसती तरी त्याने "माझे पात्र विणकर आहे" असे म्हटले असते आणि कोणत्याही समंजस डीएमने ते मान्य केले असते. त्यासाठी चारशेच्या आसपास पानांचे पुस्तक लागत नाही.

पूर्वभागकर

त्याने म्हटलेच नसते, हाच माझा मुद्दा आहे. बोलका खेळाडू यादीशिवायही जागा मिळवतो. संकोची खेळाडूला छापलेली ओळ आधार देते. दुसरे असे, की डीएमने मान्य केलेली गोष्ट ही मेहरबानी असते आणि पुस्तकातील पर्याय हा हक्क असतो. आपण समंजस आहात, हे मान्य. परंतु एका जुन्या गटात मी वर्षभर असा डीएम सोसला आहे, जो मित्रांच्या पात्रांना सर्व काही करू देई आणि इतरांना "नियमात कुठे आहे ते दाखव" असे विचारी. तेव्हा दाखवायला पान असणे किती मोलाचे असते, ते मला ठाऊक आहे.

तळ्याकाठी

फाशांच्या जुन्या पद्धतीबद्दल थोडेसे. तीन फाशांवर १८ पडण्याची शक्यता २१६ मध्ये एक आहे. ज्याला तो पडतो तो कॅम्पेनभर चमकतो आणि ज्याचा सर्वांत मोठा आकडा ११ आहे तो सहा महिने इतरांच्या मागून चालतो. १५, १४, १३, १२, १०, ८ हे ठरलेले आकडे सर्वांना सारखे देऊन फक्त मांडणी खेळाडूवर सोपवली, तर पाच मिनिटांत काम होते आणि अन्यायही होत नाही.

मला मात्र पर्यायांच्या संख्येपेक्षा ते कशाला बांधलेले आहेत, हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. २०१४ च्या पुस्तकात अर्ध-ऑर्क या राक्षसी वंशाच्या प्रजातीला ताकदीत दोन गुण अधिक मिळत. जादूगाराला मात्र बुद्धी लागते, त्यामुळे अर्ध-ऑर्क जादूगार करू पाहणारा पहिल्या दिवसापासून मागे पडे. गुण जन्मावरून ठरतात, हे वाक्य आपल्या महाराष्ट्रात निव्वळ खेळाचा नियम म्हणून वाचता येत नाही. मला तरी ते आले नाही. २०२० च्या पुरवणी पुस्तकाने हे गुण हलवण्याची मुभा दिली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. परंतु २०२४ मध्ये ते गुण पार्श्वभूमीला, म्हणजे बव्हंशी व्यवसायाला, जोडले गेले. कारागिराला ताकद, चपळाई आणि बुद्धी यांतच वाढ घेता येते. म्हणजे विणकरी करत वाढलेला धर्मोपासक शहाणपणात, त्याला सर्वांत जास्त लागणाऱ्या गुणात, मागेच राहणार! ज्या मुलाची गोष्ट वर आली, त्याच्या आजोबांना चार ओळी न वाचताही माणूस वाचता येत असेल, तर हा नियम त्याला काय सांगतो?

पूर्वभागकर

हे पटले. नवी पार्श्वभूमी रचण्याची सोय २०२४ च्या नियमांत आहे, पण ती डीएमच्या पुस्तकात. पुन्हा परवानगी आलीच.

वीसकोनी

हक्क आणि मेहरबानी यांतील फरक मी ध्यानात घेतला नव्हता, हे मान्य करतो. डीएमच्या जागेवरून तो दिसत नाही. तरीही फीट आणि सबक्लास पहिल्याच दिवशी समोर ठेवण्यास माझा विरोध कायम आहे. २०२४ च्या नियमांतही सबक्लास तिसऱ्या लेव्हलला मिळतो, मग पहिल्या दुपारी त्याची चर्चा कशाला?

त्या मुलीला मी फोन केला होता. येत्या रविवारी इतरांच्या अर्धा तास आधी तिला बोलावले आहे. ठरलेले सहा आकडे, बारा क्लासचे एकेका वाक्यात मराठी वर्णन आणि अवजारांची पूर्ण यादी एवढेच तिच्यापुढे ठेवीन. यादीतली एकही ओळ गाळणार नाही. नवी शीटही छापून आणली आहे.

पूर्वभागकर

खोडरबर तेवढा जवळ ठेवा. आणि तिने मत बदलले तर बदलू द्या, तिसऱ्या बैठकीतसुद्धा.