गावरान आंब्याला चाकू लावू नये! बोला, काय म्हणणं आहे?

धुऱ्यावरचा
अक्षयतृतीयेला घागर भरली, पितरांच्या नावानं रस-पोळीचं पान ठेवलं, तेव्हापासून आमच्या घरी आंबा सुरू झाला. तो रस अर्थात बैंगनपल्लीचा. नागपूरच्या कळमना बाजारात त्या दिवसांत आंध्र-तेलंगणातून ट्रकच्या ट्रक उतरतात. आपला गावरान पाडाला लागायला मे सरत येतो.

परवा कुटारातला माच, म्हणजे भुशात पिकायला घातलेला आंब्यांचा ढीग, उघडला. पुण्याहून आलेल्या भाच्यानं त्यातला एक शेप्या, हा आमचा रेषाळ गावरान आंबा, उचलला, ताटात ठेवला अन् चाकूनं फोडी करायला बसला. रेषा लोंबल्या, रस ताटभर पसरला, फोड काही सुटेना. मग काटा-चमचा मागितला. दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "मामा, हा आंबा खराब आहे."

आंबा खराब नव्हता बाप्पा, रीत चुकली! रेषाळ आंब्याचा गर कोयीला धरून असतो. चाकू रेषा तोडतो, रस वाया घालवतो. हा आंबा बादलीत तासभर भिजवायचा, दोन्ही तळव्यांत घोळून पिलपिला करायचा, देठ काढून चिकाचे पहिले दोन थेंब पिळून टाकायचे आणि मग तोंडाला लावायचा. कोय पांढरी होईस्तोवर सोडायचं नाही. माझं ठाम मत आहे, गावरान आंबा कापणं म्हणजे त्याचा अपमान.

पांढरकवड्याची लेक
भाऊ, अपमानाचं राहू द्या. चोखायची थोरवी सांगणाऱ्या पुरुषांपैकी किती जणांनी ओट्यावर बसलेल्या नऊ पोट्ट्यांच्या बनियनी धुतल्या आहेत, ते आधी सांगा. आंब्याचा डाग पहिल्या पाण्यात गेला तर गेला, नाहीतर दिवाळीपर्यंत अंगावर मिरवतो.

दुसरं, मृगाचा पाऊस पडला की गावरान आंब्यात अळी निघते, हे तुम्हालाही माहीत आहे. चोखणाऱ्याला ती दिसत नाही. मी एकदा अर्धा आंबा संपवल्यावर पाहिली. त्या दिवसापासून कापल्याशिवाय आंबा तोंडात घालत नाही. वाटल्यास भित्री म्हणा.

वरुडचा बुढा
पोरी, तुह्या बोलण्यात दम हाय. पण आंबे दोन जातीचे असतेत. कापाचा अन् चोखाचा. दसेरी, लंगडा, बैंगनपल्ली हे कापाचे, गर घट्ट असते त्याहीचा. आमच्या मळ्यात साखऱ्या होता, शेंदऱ्या होता, एक खोबऱ्या होता. एकाची चव दुसऱ्याले नाई. आता कापाचा आंबा चोखून राह्यला तर तोही येडाच, अन् चोखाचा कापून राह्यला तर तोही येडाच. भांडून काहून राह्यले जी तुमी?

फळबाग
काकांशी सहमत, पण धुऱ्यावरच्या भाऊंशी नाही. कोयीपासून उगवलेलं आपलं आंब्याचं झाड आईसारखं फळ देईलच असं नसतं. म्हणून प्रत्येक झाडाची चव वेगळी. खायला ही मजा आहे, विकायला अडचण. व्यापारी विचारतो, "माल एकसारखा आहे का?" मी कलमी केशर लावला कारण तो कापून ताटात मांडता येतो. शहरातलं गिऱ्हाईक फोड पाहूनच पैसे काढतं. उद्या तुम्ही चोखण्याचा कितीही गौरव करा, धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, झाड तोडणारा शेतकरी त्याच्या लाकडाचाच भाव विचारतो.

अळीबद्दल सांगतो, कारण ताईंचा मुद्दा खरा आहे. ती फळमाशीची अळी. माशी पाडाला आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, बाहेरून फक्त टाचणीएवढी खूण दिसते. खाली पडलेली फळं रोज उचलून खोल पुरावीत, नर माशीला ओढणाऱ्या मिथाइल युजेनॉलचे सापळे लावावेत. गावात हे कोणीच करत नाही. पडलेला आंबा तिथंच सडतो अन् अळ्या मातीत जाऊन पुढची पिढी तयार करतात.

पांढरकवड्याची लेक
टाचणीएवढी खूण शोधायची तर मला चश्मा लावून आंबे खावे लागतील!

साखर २४०
माझ्यासारख्या मधुमेह्याचाही विचार करा. कापला तर बायको मोजून दोन फोडी देते आणि ताट उचलते. चोखायला दिला की अर्ध्यावर थांबणारा माणूस मी आजवर पाहिला नाही. त्यामुळे घरातला निकाल चाकूच्या बाजूनं लागलेला आहे, अपील नामंजूर. कोय मात्र मला मिळते. तीत किती गर ठेवायचा, हे त्या दिवशीच्या माझ्या वागणुकीवर ठरतं.

धुऱ्यावरचा
ताई, अळीपुढं मी हरलो. पाऊस पडल्यावर मीही आंबा देठाकडून थोडा फोडून आत पाहतो, हे लपवलं होतं. पण ते पाहणं झालं, खाणं नव्हे.

फळबाग भाऊ, तुमचा केशर चांगलाच, पण बाजारातल्या "दिसायला पिकलेल्या" आंब्याची गोष्ट वेगळी. कार्बाइडनं फळ पिकवायला बंदी आहे, तरी पिवळंजर्द, आत कच्चं फळ लोक घरी आणतातच. परवानगी आहे ती इथिलीन वायूला, शंभर पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर. माचात झाडावरून उतरवलेलं फळ स्वतःचाच इथिलीन सोडतं, कुटार तो धरून ठेवतं. बायांनी रोज हात घालून पिकलेले निवडायचे, डागी बाजूला काढायचे. इतक्या हातांतून गेलेला आंबा तुम्ही काट्यानं टोचता?

फळबाग
माच मीही लावतो हो. काटा-चमचा मी वापरत नाही, ग्राहक वापरतो. त्याला शिकवायला मी जाऊ का?

वरुडचा बुढा
तुमी रस इसरले साऱ्याइनं. ना कापा, ना चोखा. गावरान पिळून रस काढा, वरून तूप सोडा, अन् सरगुंडे करा. कणकेचे, काडीवर गुंडाळलेले, वाफवलेले. आमची बुढी करत होती तवा तर पंगत दोन-दोन घंटे उठत नव्हती. आता सुना म्हणतेत, "बाबा, तितका येळ कोनाले हाय?" बरोबरच हाय त्याहीचं म्हना. सरगुंड्याले दुपार जाते.

पांढरकवड्याची लेक
काका, दुपार जाते ती आमचीच. पण या रविवारी मी करते. भाऊंनी धुऱ्यावरचे शेप्या आणायचे, पाऊस यायच्या आत. पिळायला पुरुष बसतील, कोया-साली उचलून उकिरड्यावर नेतील, अन् बनियन आधीच काढून ठेवतील.

धुऱ्यावरचा
आणतो. पण एक टोपली चोखायला बाजूला ठेवीन, ती पिळायची नाही. भाच्याची परत एकदा परीक्षा घ्यायची आहे.